बाई रुसल्या ती थंडी

नेऱ्याच्या रस्त्याला भांबुर्ड्याचा वास यायला लागला की थंडी आली असं समजायचं. भांबुर्डा हे काही कुणी मुद्दाम लावलेलं झाड नाही. रस्त्याच्या कडेला, बांधावर, पडीक जागेत आपोआप उगवणारा हा पाला वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण वालाच्या शेंगा भरल्या की त्याचा भाव वाढतो, कारण शेंगा मडक्यात भरून जाळावर भाजायच्या, म्हणजे पोपटी करायची, तर मडक्यात खाली-वर तोच घालायचा असतो. परवा ठोंबरेबाईंना भेटायला निघाले होते, तर बसच्या उघड्या खिडकीतून तो कडवट, थोडा ओव्यासारखा वास आला आणि मी कानातला इअरफोन काढून ठेवला. गेल्या वर्षीची थंडी एकदम समोर आली. ती कुठून सांगायला सुरुवात करावी हे मला नीट कळत नाही. म्हणून जसं आठवेल तसं सांगते.

गेल्या वर्षी मी डीएडच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा बंदरात ट्रेलर चालवतात, आई उलव्याच्या सोसायट्यांसमोर मासळी घेऊन बसते, आणि आम्ही राहतो गव्हाणच्या बाजूला. कॉलेज पनवेलला. पाठ घेण्यासाठी मला शाळा मिळाली ती मात्र पार नेऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. म्हणजे सकाळी खाडीकडून निघायचं, पनवेलला बस बदलायची आणि डोंगराकडे जायचं. मैत्रिणी म्हणाल्या, "सरांना सांगून बदलून घे ना." मी सांगितलं नाही. सरांना काही सांगायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.

बोलणं हीच माझी अडचण होती. लहानपणापासून माझ्या वाटचं आई बोलत आली. डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय, तर आई सांगायची. बाईंनी विचारलं, काल का आली नाहीस, तर आई सांगायची. डीएडच्या प्रवेशाला खिडकीमागच्या सरांनी मला विचारलं, "शिक्षिका का व्हायचंय?" तेव्हाही आईच म्हणाली, "तिना पोरा आवडतात." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. खोटं नव्हतं ते. पण माझ्या तोंडून आलं नव्हतं.

आईचा स्वभावच तसा आहे. प्रश्न हवेत लोंबकळत राहिलेला तिला बघवत नाही. कुणी रस्त्यात दुसऱ्याच माणसाला पत्ता विचारला तरी उत्तर आई देते.

मग पहिला पाठ आला. तिसरीचा वर्ग, परिसर अभ्यास, विषय पाणी. पाठाचं टाचण मी इतकं सुंदर काढलं होतं, वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी. वर्गात उभी राहिले. मुलांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. "पाणी आपल्याला कुठून मिळतं?" असं विचारलं आणि श्वाससुद्धा न घेता सांगून टाकलं, "नदी, विहीर, तलाव, धरण." पुढचा प्रश्न, पुढचं उत्तर, दोन्ही माझीच. टाचण संपलं तेव्हा तासिकेतला निम्म्याहून जास्त वेळ शिल्लक होता. मुलं शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसली होती.

ठोंबरेबाई त्या वर्गाच्या शिक्षिका. निवृत्तीला आलेल्या, अंगानं बारीक, आवाज मात्र ओढ्यापलीकडे ऐकू जाईल असा. त्या दारात उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं प्रणाली, तू तर एक्स्प्रेस गाडी काढलीस. मधली स्टेशनं कुठे गेली?"

मी घरी येऊन जेवले नाही. योगायोग असा की त्याच आठवड्यात काका आले. ते तळोज्याला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. ते म्हणाले, "पॅकिंगला पोरी घेतान. थंडी सरंपर्यंत मी जागा धरून ठेवतो. डीएड करून नोकरी कवा लागंल, कोन सांगनार?" काकांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. डीएड होऊन वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणाऱ्या मुली आमच्याच गावात आहेत. आई म्हणाली, "बगू, पोरीचे पाठ होवू द्या." मी मनाशी ठरवलं की हे पाठ संपेपर्यंत एक तरी तास नीट घेता आला, मुलं माझ्याशी बोलली, तर कॉलेज चालू ठेवायचं. नाही जमलं तर काकांबरोबर तळोज्याला जायचं. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

आमच्या वर्गात दोघी-तिघी अशा होत्या की ज्यांच्या घरी आई नाहीतर वडील शिक्षक. त्यांना काही अडलं की रात्रीच्या जेवणात विचारता यायचं. वर्ग गोंगाट करतो तेव्हा काय करायचं, मूल रडायला लागलं तर काय करायचं. त्यांना ते वरणभाताबरोबर मिळत होतं. त्याबद्दल मला त्यांचा राग नव्हता, पण थोडं एकटं वाटायचं. माझ्या घरी ट्रेलर रिव्हर्स कसा घ्यायचा आणि ताजा बोंबील कसा ओळखायचा हे विचारता आलं असतं.

मग मला पॉडकास्ट सापडला. सापडला म्हणजे, फोनवर 'वर्गात बोलायची भीती' असं काहीतरी लिहून शोधत होते, तेव्हा शिक्षकांसाठीचे व्हिडिओ आले, त्यातून तो आला. विदर्भातल्या कुठल्याशा गावातल्या एक शिक्षिका तो करतात. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. शाळा सुटल्यावर घरीच रेकॉर्ड करत असाव्यात, कारण मध्येच कुकरची शिट्टी ऐकू यायची. एकदा कोंबडा आरवला तर त्या म्हणाल्या, "हाही आपल्याच शाळेचा आहे." वर्गात त्यांनी काय करून बघितलं, काय फसलं, ते सांगायच्या. शेवटी म्हणायच्या, "करून बघा. आणि नाही जमलं तर आधी ते कळवा." नाही जमलं तर कळवा, असं मला तोपर्यंत कुणीच म्हटलं नव्हतं.

दुसरे एक सर होते, व्हिडिओवाले. बाटल्यांची झाकणं, चिंचोके आणि काड्या घेऊन ते गणित शिकवायचे. कॅमेरा धरणारं माणूस नवशिकं असावं, कारण बऱ्याचदा सरांचं डोकं चौकटीच्या बाहेर आणि झाकणं मात्र स्पष्ट दिसायची. फी नाही, परीक्षा नाही, शेवटी प्रमाणपत्रही नाही. कुणी लांब गावातला माणूस दिवसभर शाळा करून दमतो आणि मग संध्याकाळी बसून माझ्यासारख्या अनोळखी मुलीला शिकवतो, याचं मला अजून नवल वाटतं.

बाबांना मात्र संशय होता. "फुकट कोन शिकवतो गो? बग, शेवटी काईतरी विकतील." ते सुट्टीच्या दिवशी माझ्या शेजारी बसून एक अख्खा भाग ऐकायचे, काय विकतात ते बघायला. भाग संपला की निराश होऊन उठायचे.

इअरफोनची एक बाजू बंद पडलेली होती. त्यामुळे बसमध्ये एका कानात त्या बाई आणि दुसऱ्या कानात कंडक्टर. घरी मी फोन पाण्याच्या कळशीला टेकवून ठेवायची आणि आवाज मोठा करायची. आई समोर सुकट निवडत बसायची. तिला पहिल्या दोन-तीन दिवसांत त्या बाईंची सवय झाली. ती त्यांना 'ती मॅडम' म्हणायची. संध्याकाळी विचारायची, "ती मॅडम नाय लावलीस आज?" आणि मॅडमनी "तुम्हाला काय वाटतं, मुलं खोटं का बोलत असतील?" असं विचारलं की आई लगेच उत्तर द्यायची, "मार बसंल म्हनून. दुसरा काय?" मी म्हणायची, "आई, त्यांना ऐकू येत नाय." आई म्हणायची, "मंग इचारते कशाला?"

त्या थंडीतल्या सकाळी मला फार आवडायच्या. खाडीवर धुकं, विमानतळाचे दिवे त्यात विरघळल्यासारखे. पनवेल स्टँडवर चहावाल्याच्या स्टोव्हभोवती हात शेकणारी माणसं. नेऱ्याच्या पुढे गेलं की हवा बदलायची, वालाच्या वेलांवर दव, फार्महाऊसच्या कुंपणाला लागून कुणीतरी पेटवलेली पानं. शाळेत पोचेपर्यंत ऊन व्हरांड्यात आलेलं असायचं आणि मुलं त्या उन्हाच्या पट्ट्यात चिकटून बसलेली. ऊन सरकलं की अख्खी रांग सरकायची. ठोंबरेबाईही त्या रांगेतच बसायच्या, मांडीवर फोन घेऊन, त्याच झाकणवाल्या सरांचा व्हिडिओ बघत. मला वाटायचं, यांना आता शिकायची काय गरज? एकदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "दर वर्षी मुलं नवी येतात. मी जुनीच राहून कसं चालेल?" आणि पुन्हा व्हिडिओत डोकं घातलं.

एक दिवस बसमध्ये मॅडमचा नवा भाग ऐकला. विषय होता, प्रश्न विचारल्यावर थांबणं. त्या म्हणत होत्या की आपण शिक्षक प्रश्न विचारतो आणि मुलांना विचार करायलाही सवड देत नाही. प्रश्न विचारा आणि गप्प उभे राहा. फार वेळ गेल्यासारखं वाटेल. वाटू द्या. मी तो भाग नेऱ्यापर्यंत पुन्हा ऐकला. मला वाटलं, गप्प राहणं तर मला येतं. शिक्षकाच्या कामातली एवढी एक गोष्ट मला आधीपासून येते.

त्या दिवशी मी वर्गात विचारलं, "आपल्या शाळेजवळच्या ओढ्याचं पाणी पुढे कुठे जातं?" आणि गप्प झाले.

मॅडमनी गप्प राहायला सांगितलं होतं, पण तोंड कसं ठेवायचं ते सांगितलं नव्हतं. मी घाबरलेली होते. ओठ घट्ट मिटलेले, हात मागे, नजर जमिनीकडे. वर्ग शांत झाला. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बाई रुसल्या."

ते वाऱ्यासारखं सगळ्या रांगांतून फिरलं. बाई रुसल्या. काय झाला? कोनी काय केला? तूच मघाशी हसलास. मी नाय, हा हसला. आमच्याकडे घरात कुणी रुसलं की त्याला एकट्याला सोडत नाहीत. सगळं घर त्याच्याभोवती जमतं आणि एकेक जण मनवतो, हसवतो, खायला देतो. मुलांना तेवढंच माहीत होतं, आणि त्यांनी ते केलं. चैती नावाची मुलगी पुढे आली आणि खिशातली बोरं माझ्या टेबलावर ठेवून गेली. कुणी म्हणालं, "बाई, बोला ना." मी बोलले नाही. खरं तर हसू येईल म्हणून बोलता येत नव्हतं.

मग एकाला सुचलं की बाईंनी काहीतरी विचारलं होतं. त्याचं उत्तर दिलं तर रुसवा जाईल.

"बाई, पानी पनवेलला जाता. पुलाखालून."

"नाय, आधी नदीत जाता."

"माझा बा सांगतो, समुद्राला जाता."

"मंग समुद्र भरत कसा नाय?"

"भरतो ना. भरती बोलतात त्याला, येडा."

"बाई हसल्या. ए, बाई हसल्या."

मी हसले आणि मला रडूही आलं. पाठ फिरवून फळ्यावर नदी काढायला लागले. ओढ्यापासून नदी, नदीपासून पनवेल, तिथून खाडी. आणि खाडीच्या काठी एक घर काढलं. म्हटलं, "हे माझं घर. तुमचं पाणी माझ्या घराजवळ येतं." हे त्यांना काही केल्या पटेना. चैतीनं विचारलं, मग आपण पाण्यात फूल सोडलं तर बाईंना मिळेल का? यावर उरलेली सगळी तासिका वादात गेली. काही जण मिळेल म्हणाले, काही जण म्हणाले मधे पनवेलची माणसं काढून घेतील. घंटा झाली तरी कुणाला ऐकू आली नाही.

ठोंबरेबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "काय केलंस गं?"

"काही नाही बाई. गप्प बसले."

"मग उद्या पण रुस," त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्या दिवशीही गप्प बसले, तिसऱ्याही. मुलांनी आधी मनापासून मनवलं, मग थोडं खेळ म्हणून. मग त्यांना कळलं. "बाई खोटा रुसतात," असं चैतीनं जाहीर केलं आणि वर्ग माझ्याकडे टक लावून बघत बसला, कोण आधी हसतं ते पाहायला. तेव्हा मला त्यांना खरं सांगावं लागलं. म्हटलं, "मी रुसत नाही. मी वाट बघते."

"कोनाची?"

"तुझी."

"मी तर हितंच हाय," चैती म्हणाली.

 

त्यानंतर आमचं एक ठरून गेलं. बाई गप्प झाल्या म्हणजे विचार करायचा. ज्याला सुचेल त्यानं हात वर करायचा, मध्ये बोलायचं नाही. हे जमायला वेळ लागला. कधी वर्गात इतकी शांतता व्हायची की बाहेर वालाच्या मांडवावर बसलेले पोपट ऐकू यायचे, आणि कधी पाच जण एकदम बोलायचे. मी मॅडमना व्हॉइस मेसेज पाठवला. तीनदा रेकॉर्ड करून पुसला, मग पाठवला. म्हटलं, मॅडम, मी गप्प राहिले तर मुलांना वाटलं मी रुसले. त्यांचं उत्तर आलं. आधी नुसतं हसणं होतं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "मी हे माझ्या शाळेत सांगणार आहे." बस तेवढंच. पण तो मेसेज मी आईला ऐकवला आणि आईनं शेजारच्या तिघींना ऐकवायला लावला.

पाठ निरीक्षणासाठी कॉलेजचे सर आले तेव्हा थंडी ओसरायला लागली होती. सर मागच्या छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. विषय होता अन्न शिजवणं. मी विचारलं, "पोपटीच्या मडक्यात आपण पाणी घालत नाही. मग शेंगा शिजतात कशा?" आणि थांबले.

मुलं विचार करत होती. मला ते दिसत होतं. चैती छताकडे बघून ओठ हलवत होती. पण सरांना ते सहन होईना. त्यांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, खाकरले. त्यांना वाटलं असावं की मी पाठ विसरले. आपली विद्यार्थिनी अडचणीत आहे म्हणून मदतीला आल्यासारखे ते मागून म्हणाले, "वाफेवर. पाल्यातल्या ओलाव्याची वाफ होते."

सगळा वर्ग मागे वळला.

"सर," चैती म्हणाली, "हात वर करा ना आधी."

सरांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि खरंच हात वर केला. मुलं खूश झाली. मग दोघा-तिघांनी सरांचं उत्तर खोडून काढायचा प्रयत्न केला, एकानं सांगितलं की शेंगेच्या आतच पाणी असतं, मडक्यावर शिंतोडा मारला की चर्र वाजतं तेव्हा पोपटी झाली समजायचं. सर ते टिपून घेत होते. पाठानंतर एवढंच म्हणाले, "टाचणातलं निम्मंच झालं. पण मुलं बोलली." हे कौतुक होतं की तक्रार, हे मी बसमध्ये पनवेलपर्यंत ठरवत होते. तेव्हा कळलं की कॉलेज चालू ठेवायचं की नाही, हे सर काय म्हणाले यावर मी ठरवत नाहीये. मला उद्या पुन्हा त्या वर्गात जायचं होतं, आणि पाठ तर संपले होते, याचंच वाईट वाटत होतं.

रविवारी दुपारी काका आले. आई मोरीपाशी चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, साफ करत होती, बाबा टीव्हीपुढे. काका खुर्चीत बसले आणि नेहमीसारखं आईलाच विचारलं, "वहिनी, मंग काय ठरला पोरीचा? सोमवारी नाव द्यायचा हाय."

मी नेहमीसारखं आईकडे बघितलं.

आई काही बोलली नाही. चिंबोरीचा एक डेंगा मोडला, बाजूला ठेवला, दुसरी उचलली.

"वहिनी, इचारतोय मी."

आईनं मान वर केली नाही. तिच्या तोंडाशी उत्तर आलेलं मला दिसत होतं. ओठ आत ओढून घेऊन तिनं ते धरून ठेवलं होतं. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. काका आईकडून बाबांकडे, बाबांकडून माझ्याकडे बघायला लागले. आमच्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं आता आई बोलेल, आत्ता बोलेल. ती बोलली नाही. मला तोंड उघडायला तिनं अख्खं घर मोकळं करून दिलं होतं.

"काका," मी म्हटलं. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा म्हटलं. "काका, मी नाय येत. मना शाळेतच शिकवायचा हाय. नोकरी लागाया वेल लागंल, ठाव हाय मना. तरी."

काकांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही मी नुकतीच कुठून तरी आले आहे. "बरा," ते म्हणाले. "मंग ती जागा सोनारांच्या पोरीला सांगतो. तिला गरज हाय. चाय तरी ठेव."

मी चहा ठेवायला उठले, आणि मागे आईचा बांध फुटला. शाळा केवढी, पोरं किती, ओढ्याचं पाणी आमच्या खाडीला कसं येतं, कॉलेजच्या सरांना हात वर करायला कसं लावलं, विदर्भातली मॅडम किती हसली, सगळं तिनं काकांना सांगितलं, काही मी सांगितलेलं आणि काही तिचं स्वतःचं. काकांचा चहा पिऊन झाला, कप खाली ठेवून झाला, चपला घालून झाल्या, तरी त्यांना मध्ये बोलायला जागा मिळाली नाही.